मिझुकावाचा दोनदा आलेला दहावा महिना

अनुराधाबाई पोतनीसांनी उभ्या आयुष्यात तारीख चुकवली नव्हती. हे लोक म्हणत नसत, त्या स्वतःच म्हणत, आणि वर्षातून चार वेळा तरी म्हणत. म्हणूनच २००७ सालच्या जून महिन्यात, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तारखेनंच त्यांना कचाट्यात धरलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सत्तावीस वर्षं त्या कार्डिफच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड्समध्ये होत्या. पेशंटचं कुठलं पत्र कुठल्या पत्राच्या आधी लागायचं, हे त्यांचं काम. डॉक्टर बदलले, कागद जाऊन कॉम्प्युटर आले, पण पोतनीसबाईंच्या हाताखालून गेलेली फाइल उघडली की दुखणं पहिल्या पानावर सुरू व्हायचं आणि शेवटच्या पानावर बरं व्हायचं, किंवा व्हायचं नाही. नवरा शशिधर तिथंच भूलतज्ज्ञ होता. तो नव्व्याण्णव साली गेला तेव्हा त्याची फाइलही त्यांनी मागवून घेतली आणि क्रम तपासला. क्रम बरोबर होता. मग रडल्या.

माहेर दक्षिण महाराष्ट्रातल्या एका इवल्याशा संस्थानातलं. वडील दप्तरात कारकून. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं त्या दिवसातलं सहा वर्षांच्या अनुराधाला एकच आठवत होतं: मोटारीत बसताना राजेसाहेब वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले, आणि वडील घरी येऊन जेवले नाहीत. मरेपर्यंत ते म्हणत, "आमचा राजा चांगला होता हो." किती चांगला, कशावरून चांगला, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

जपानीशी त्यांची गाठ पडली ती कारखान्यांमुळे. ऐंशीच्या दशकात साउथ वेल्समध्ये जपानी कंपन्या आल्या, कंपन्यांबरोबर इंजिनियर आले आणि इंजिनियरांबरोबर त्यांच्या एकट्या पडलेल्या बायका. मागच्या गल्लीतल्या मिचिकोला इंग्लिश शिकवायला अनुराधाबाई बसल्या आणि वर्षभरात स्वतःच जपानी बोलू लागल्या. मिचिकोचे वडील जुन्या वळणाच्या अक्षराचे शिक्षक होते. ते लेकीकडे राहायला आले की या त्यांच्यासमोर वही घेऊन बसायच्या. ते लपेटेदार, एकात एक गुंतलेलं अक्षर पाहून दुसऱ्या कुणी पळ काढला असता. पण बाईंनी लहानपणी वडिलांची मोडी पाहिली होती, त्यामुळे त्यांना ते माणसाळलेलंच वाटलं. पंधरा वर्षं घासून घासून त्या ते वाचायला शिकल्या. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ते कळलं रिटायर झाल्यावर. कार्डिफच्या उत्तरेला, ट्रेननं चाळीस मिनिटांवर, एका गावात छोटं म्युझियम आहे. कोळशाच्या खाणीतले दिवे, चर्चमधली जुनी बाकं, असलं काहीबाही. त्याच्या माळ्यावर लाखेची एक काळी पेटी पडून होती आणि पेटीत जपानी कागद. ते वाचणारं माणूस पगार देऊन आणायची म्युझियमची ऐपत नव्हती, आणि पोतनीसबाई पगार मागत नव्हत्या. क्युरेटर रिअ‍ॅननला देव पावल्यासारखं झालं.

पेटी होती कुसाकाबे नोबुचिका या माणसाची. हा मिझुकावा नावाच्या लहानशा जपानी संस्थानाचा शेवटचा अधिपती. जपानात अशा अधिपतीला दाइम्यो म्हणत, पण अनुराधाबाईंनी पहिल्या दिवसापासून त्याला 'राजेसाहेब' करून टाकलं. एकोणिसाव्या वर्षी गादीवर बसला. बाराशे घराण्यांचा धनी, पण पायातले मोजे स्वतःचे स्वतः घालायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. मग १८६९ साली सम्राटाच्या नव्या सरकारनं सगळ्या संस्थानिकांकडून जमिनी परत घेतल्या आणि त्यांना त्याच जागी गव्हर्नर म्हणून बसवलं. गादी तीच, उशी तीच, फक्त ती आता सरकारची. दोन वर्षांनी तेही गेलं. सातव्या महिन्याच्या चतुर्दशीला टोकियोत हजर असलेल्या सगळ्यांना वाड्यावर बोलावलं, एक कागद वाचून दाखवला आणि संस्थानं संपली. अडीचशे वर्षांचा कारभार, वाचायला पाच मिनिटं. पेटीतल्या डायरीत नोबुचिकानं लिहिलं होतं, 'मान खाली होती. समोरच्याच्या पायांतले मोजे नवे होते.' पंचवीस वर्षांचा होता तो तेव्हा.

पुढच्या वर्षी तो बोटीनं इकडे आला. कार्डिफजवळच्या पेनार्थला समुद्रासमोरच्या एका बोर्डिंग हाउसमध्ये दोन वर्षं राहिला, इंग्लिश शिकला, स्वतःचा पाव स्वतः विकत आणायला शिकला आणि परत जाताना ही पेटी 'मागाहून मागवतो' म्हणून घरमालकिणीकडे ठेवून गेला. मागवली कधीच नाही.

पेटीतले सगळ्यांत मोलाचे कागद दोन होते. संस्थान जाण्याच्या आदल्या वर्षी, १८७० साली, पीक बुडालं आणि उवादा नावाच्या खेड्यातली माणसं सारा माफ करा म्हणून किल्ल्यावर चालून आली. त्यांच्या तीन म्होरक्यांना धरलं. एका कागदात नोबुचिका गावाला वचन देतो: 'कुणाचंही डोकं जाणार नाही. घरी जा, उरलेलं भात कापा.' दुसऱ्या कागदात त्या तिघांना नदीकाठी मारण्याचा हुकूम आहे. दोन्ही कागद त्याच्याच सहीचे. एकावर तारीख दहाव्या महिन्याची, दुसऱ्यावरही दहाव्याच महिन्याची, कारण त्या वर्षी जपानात दहावा महिना दोनदा आला होता. वचनाच्या कागदावर साधा दहावा लिहिलेला, हुकुमाच्या कागदावर अधिक दहावा.

आता अधिक महिना मराठी माणसाला काय नवा? अधिक आधी, निज मागाहून. अधिक श्रावण सरला की खरा श्रावण, हे अनुराधाबाईंना कुणी शिकवलं नव्हतं, घरातल्या पोळपाटाइतकं ते त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी जपानी नव्या वर्षाचा दिवस पुस्तकातून घेतला आणि पुढचे महिने बोटांवर मोजले. अधिक दहावा आधी, म्हणजे हुकूम आधी. निज दहावा नंतर, म्हणजे वचन नंतर. अर्थ दिव्यासारखा स्वच्छ होता: राजेसाहेबांनी दबावाखाली मारण्याचा हुकूम काढला, मग त्यांना राहवलं नाही, त्यांनी तो फिरवला आणि तिघे वाचले. त्या संध्याकाळी ट्रेनमध्ये बाईंचे डोळे भरून आले होते. राजा चांगला होता हो.

यावर सहा वर्षं गेली. म्युझियमनं खास प्रदर्शन भरवलं. मोठ्या पॅनेलवर इंग्लिशमध्ये गोष्ट लिहिली, 'तीन शेतकऱ्यांना वाचवणारा शेवटचा अधिपती', आणि खाली, कालक्रम: अनुराधा पोतनीस. शनिवारी, नऊ जूनला दुपारी दोन वाजता उद्घाटन. त्यासाठी नोबुचिकाचे पणतू, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे कुसाकाबे, जपानहून येणार होते. त्यांचं येणं नुसतं फीत कापायला नव्हतं. उवादा गावात एक दगड उभा आहे, त्यावर कोरलंय की आमच्या तिघांना वचन देऊन मारलं. कुसाकाबे घराण्याच्या चार पिढ्या त्या दगडाखाली मान खाली घालून जगल्या होत्या. पणतू उद्घाटनात जाहीर करणार होते की दगड खोटा आहे, आणि परत गेल्यावर गावाला तो बदलायला लावणार होते.

गुरुवारी सकाळी अनुराधाबाई अनारसे तळत होत्या. अधिक ज्येष्ठ चालू होता. शनिवारी लेक आसावरी आणि जावई मिलिंद ब्रॅकनेलहून उद्घाटनाला यायचे होते, आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे म्हणजे द्यायचेच, मग जावई डाएटवर असो की नसो. मोडलेले पाच-सहा त्यांनी बशीत घातले आणि कुंपणावरून शेजारच्या मिसेस लाउंना दिले. मिसेस लाउ हाँगकाँगच्या. तीस वर्षं टेकअवे चालवून आता गुलाब लावत बसलेल्या.

"तेहतीसच का?" मिसेस लाउंनी विचारलं.

बाईंनी अधिक महिना समजावून सांगितला. चंद्राचं वर्ष मागं पडतं, म्हणून मधूनमधून एक महिना जास्तीचा.

"अय्या, आमचंही सेम!" मिसेस लाउ खूश झाल्या. "लास्ट इयर आमचा सातवा महिना दोनदा आला. माझ्या मिस्टरांचा बर्थडे सातव्यातला. पहिल्या सातव्यात केला. दुसरा एक्स्ट्रा, त्यात नाही करत."

"पहिला म्हणजे एक्स्ट्रा ना? आधी एक्स्ट्रा, मग खरा."

"छे! आधी खरा. खरा आलाच नाही तर एक्स्ट्रा कसला म्हणायचा?" मिसेस लाउ हसल्या. "चायनामध्ये कायम असंच. एक्स्ट्रा मागून."

अनुराधाबाईही हसल्या. मग त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आतून सगळं निघून गेलं. जपानचं जुनं पंचांग चीनकडून आलेलं, हे त्यांना सहा वर्षं माहीत होतं. मागे कढईत अनारसा करपल्याचा वास येत होता, तो त्यांच्या नाकात गेला, पण कळला नाही.

गॅस बंद करून त्या स्टुलावर बसल्या. एक्स्ट्रा मागून. म्हणजे साधा दहावा आधी, अधिक दहावा नंतर. म्हणजे वचन आधी. हुकूम नंतर.

शुक्रवारी युनिव्हर्सिटीची लायब्ररी उघडायच्या आधी त्या दारात उभ्या होत्या. जपानी तारखांचे तक्ते असलेलं जाड पुस्तक तिसऱ्या मजल्यावर होतं. सहा वर्षांत त्या एकदा तो जिना चढल्या असत्या तर! पण ज्याला स्वतःला सगळं येतं तो कशाला जिना चढतो? १८७० सालचं पान निघालं. दहावा महिना ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू. अधिक दहावा त्याच्या मागाहून, नोव्हेंबरच्या अखेरीस. त्यांनी बोट ठेवून तीनदा वाचलं. वचनानंतर चोवीस दिवसांनी हुकूम निघाला होता.

आणि मग त्यांना डायरीतलं ते वाक्य आठवलं. संस्थान गेल्यावर नवव्या महिन्यात नोबुचिकाला मुलूख सोडून टोकियोला जायचा हुकूम झाला. त्यानं लिहिलं होतं: 'प्रत्येक गावात माणसं रस्त्याकडेला गुडघे टेकून रडत होती. उवादात कुणी बाहेर आलं नाही. दारं लावलेली होती.' यावर अनुराधाबाईंनी टीप लिहिली होती, 'बहुधा कापणीचे दिवस असल्यामुळे.' कापणी म्हणे! माणूस स्वतःच्या हातानं सांगून गेला होता, आणि यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. लाजेनं त्यांचे कान तापले. सहा वर्षं त्या जपानी कागद वाचत नव्हत्याच, वडिलांना खरं ठरवत होत्या.

दुपारी त्यांनी रिअ‍ॅननला ऑफिसात गाठलं आणि सगळं सांगितलं. रिअ‍ॅनन वाईट बाई नव्हती. तिनं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"उद्या मेयर येताहेत," ती म्हणाली. "पेपरवाले येताहेत. एम्बसीचा माणूस येतोय. अनुराधा, सोमवारी बदलू. सोमवारी मी स्वतः पॅनेल उतरवते. तुमच्या नावालाही धक्का लागणार नाही, मी 'नवीन संशोधन' म्हणेन. फक्त उद्याचा दिवस जाऊ द्या."

"ते उद्या उभं राहून जाहीर करणार आहेत."

"ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत," रिअ‍ॅनन म्हणाली. "बारा तास विमानात बसून आलेत. तुम्ही सांगणार त्यांना? उद्या?"

अनुराधाबाईंनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे दोघींनाही कळलं नाही, आणि रिअ‍ॅननला जे हवं होतं ते तिनं धरलं.

घरी आल्यावर त्यांनी आसावरीला फोन लावला. आसावरीचा जन्म कार्डिफचा, मराठी प्रेमळ पण लंगडं.

"आई, let it go ना," ती म्हणाली. "तो चूक झाला तर झाला. Hundred and thirty years ago! कोण बघतंय?"

"ती चूक, आसू."

"हो तेच, ती. Monday ला fix होणार आहे ना? मग? तू उद्या तुझा गोल्डन साडी घाल आणि smile कर. You've worked so hard, आई."

लेकीचं काही चुकत नव्हतं. फोन ठेवल्यावर बाईंनी साडी काढून इस्त्रीही केली. उद्या दोन वाजता टाळ्या, सोमवारी दुरुस्ती, सगळं कसं सोपं होतं. पण इस्त्री बंद करताना त्यांना रेकॉर्ड्समधलं आपलं टेबल आठवलं. हॉस्पिटलात कुणी म्हटलं असतं की आज चुकीची फाइल सर्जनच्या हातात जाऊ दे, सोमवारी बदलू, तर यांनी त्या माणसाचं काय केलं असतं?

शनिवारी त्या साडेदहालाच म्युझियममध्ये पोहोचल्या. उगाच इकडचं तिकडं करायला. पाहतात तर कुसाकाबे त्यांच्याही आधी आलेले. राखाडी सूट, काठी, आणि पॅनेलसमोर अगदी ताठ उभे. त्यांना इंग्लिश जेमतेम येत होतं आणि पणजोबांचं जुनं अक्षर तर मुळीच वाचता येत नव्हतं. आजच्या जपानी माणसाला ते येत नाही. म्हणजे या सगळ्या गोष्टीत त्यांचा भरवसा एकाच माणसावर होता, आणि त्यांनी त्या माणसाला पाहून कमरेत वाकून नमस्कार केला.

"पोतनीस-सान. माझ्या वडिलांनी हे पाहायला हवं होतं." ते जपानीत म्हणाले. "शाळेत त्यांना उवादाची मुलं दगड मारायची. ते मारून घ्यायचे. मला सांगायचे, तूही घे."

रिअ‍ॅनन खुर्च्या लावत होती. तिनं मान वर केली आणि खोलीच्या त्या टोकावरून अनुराधाबाईंकडे नुसतं पाहिलं. एवढंच मागणं होतं तिचं. अजून तीन तास.

"एक विनंती आहे," कुसाकाबे म्हणाले आणि त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. "मला धीर धरवला नाही. तुमचा शोध मी गेल्या महिन्यातच उवादाला कळवला. तिथल्या एका बाईंचं उत्तर निघायच्या दिवशीच आलं. तिघांतला जो थोरला, त्याची ती पणती. एक्क्याऐंशीची आहे. जरा वाचा. हिला काय लिहायचं ते तुम्हीच जाणकार म्हणून दोन ओळींत लिहून द्या, मी इथूनच गावच्या कचेरीत फॅक्स करतो. म्हणजे दोन वाजता मला मोकळ्या मनानं बोलता येईल."

पत्र एका पानाचं होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं. अनुराधाबाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं.

'कुसाकाबे साहेब, तुमचं पत्र सुनेनं वाचून दाखवलं. आमची माणसं मारली गेली नाहीत असा कागद मिळाला, हे कळलं. मला शाळा थोडी, म्हणून विचारते. ती मारली गेली नाहीत, तर मग परत का आली नाहीत? आमच्या शेताच्या कडेला जी कबर आहे तिच्यावर माझी आजी रोज पाणी घालायची, मग आई, मग साठ वर्षं मी. तुमचं पत्र आल्यापासून मी थांबवलंय. परक्याच्या कबरीवर आपण आपल्या माणसाचं नाव घेऊन पाणी घातलं तर दोघांचाही अपमान होतो. पाणी न घालता मला जेवण जात नाही. ती कबर कुणाची आहे, तेवढं त्या विदुषी बाईंना विचारून कळवावं. ओकानो तोमी.'

अनुराधाबाईंनी पत्र पुन्हा वाचलं नाही. त्याची गरजच नव्हती. सहा हजार मैलांवर एक एक्क्याऐंशी वर्षांची बाई गेले काही आठवडे यांच्यामुळे अर्धपोटी होती, आणि रिअ‍ॅनन म्हणत होती सोमवार. त्यांना एकदम त्या 'विदुषी'चा इतका राग आला की तिला केसाला धरून बाहेर काढावंसं वाटलं.

"कुसाकाबे-सान, बसा," त्या म्हणाल्या.

"मी उभा ठीक आहे."

"बसा. माझ्यासाठी बसा."

ते बसले. रिअ‍ॅननच्या हातातली खुर्ची हवेतच राहिली. तिला जपानी येत नव्हतं, पण काय चाललंय ते कळायला भाषा कशाला हवी? अनुराधाबाईंनी सांगायला सुरुवात केली. आमच्या देशात जास्तीचा महिना आधी येतो, तुमच्यात नंतर. मी तो आधी धरला. मला कुणी फसवलं नाही, कुठला कागद खोटा नाही. दोन खरे कागद मी उलटे लावले. वचन आधीचं आहे. हुकूम नंतरचा. तिघांना मारलं. दगडावर लिहिलंय ते खरं आहे.

बोलताना त्यांनी मान खाली घातली नाही. घालावीशी फार वाटली. म्हाताऱ्याचा चेहरा त्यांना पूर्ण पाहावा लागला: आधी सभ्य लक्ष, मग न कळणं, मग कळणं, आणि मग एक म्हातारा माणूस, ज्याचे वडील पुन्हा एकदा शाळेच्या रस्त्यावर उभे राहिले होते. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. 

"खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"काल तक्ता पाहिला. आणि तुमच्या पणजोबांनी स्वतः लिहिलंय, उवादात दारं बंद होती."

"हे तुम्हाला काल माहीत होतं."

"हो."

"आणि आज मला माझं भाषण करू देणार होतात?"

अनुराधाबाईंना खोटं बोलता आलं असतं. "परवापासून मी ठरवू शकत नव्हते," त्या म्हणाल्या. "हे पत्र आलं नसतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही."

कुसाकाबे उठले. बाईंना वाटलं, आता ते निघून जाणार. ते काचेच्या कपाटापर्यंत गेले आणि हुकुमाच्या कागदावर वाकले. ज्यातलं एकही अक्षर त्यांना लागत नव्हतं, तो कागद ते डोळे बारीक करून पाहत राहिले.

"त्यांची नावं काय?" त्यांनी विचारलं.

"कुणाची?"

"तिघांची."

अनुराधाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना काही आठवेना. राजेसाहेबांनी पेनार्थला पहिला पाव किती तारखेला विकत घेतला ते त्यांना पाठ होतं. त्यांच्या घोड्याचं नाव पाठ होतं. पॅनेलवर 'तीन शेतकरी' असं लिहिलं होतं आणि ते त्यांनीच लिहिलं होतं. या माणसांची नावं त्यांनी सहा वर्षांपूर्वी एकदा वाचली होती आणि कशालाच लागत नाहीत म्हणून सोडून दिली होती. त्या कपाटापाशी गेल्या, काचेला नाक लागेपर्यंत वाकल्या आणि त्या लपेटेदार ओळीतून एकेक नाव सोडवून वाचलं. जिनबेई, वय त्रेपन्न. गेन्झाएमोन, वय एक्केचाळीस. योशिची, वय एकवीस.

"एकवीस," कुसाकाबे म्हणाले. खिशातल्या भाषणाच्या कागदाची कोरी बाजू त्यांनी वर केली, आणि उभ्यानंच, काठी काखेत धरून, तिन्ही नावं वयांसकट लिहून घेतली.

रिअ‍ॅनन जवळ आली होती. "काय म्हणताहेत ते?" तिनं दबलेल्या आवाजात विचारलं.

"पॅनेल उतरव," अनुराधाबाई म्हणाल्या. "आत्ता. मेयर येण्याआधी." रिअ‍ॅननकडे उत्तर असावं, पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती स्क्रू ड्रायव्हर आणायला गेली.

ऑफिसातल्या टेबलावर बसून अनुराधाबाईंनी उत्तर लिहिलं. जपानीत सभ्य पत्राला ऋतूचं, हवापाण्याचं पुष्कळ लांबण लावावं लागतं. त्यांनी काहीच लावलं नाही. 'तोमी-सान, ती कबर तुमच्याच माणसाची आहे. तुमच्या आजीचं बरोबर होतं. पाणी घाला आणि जेवा. कागद मी चुकीच्या क्रमानं लावले होते. ही चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली सही केली आणि कागद कुसाकाबेंपुढे सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग पेन मागितलं. शेवटच्या वाक्यातल्या 'सर्वस्वी' या शब्दावर त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि बाईंच्या सहीखाली, म्हाताऱ्या अक्षरात एक ओळ लिहिली. मग कागद फॅक्सच्या यंत्रात उलटा जाऊ नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून बाईंच्या हातात दिला. त्या ओळीत लिहिलं होतं: 'तारखेची चूक या बाईंची. बाकीची आमची. कुसाकाबे.'